अण्णांची गाडी गळायची थांबली

रविवार, अंबड

अण्णांच्या जुन्या गाडीची ऑइलगळती आज मीच थांबवली. इंजिनवरचं झाकण उघडलं, कडक झालेलं रबरी पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं. नखांत काळं ऑइल अजून आहे. इंजिन चालू करून खाली पुठ्ठा ठेवला, तर एक थेंब न्हाई. अण्णा खुर्ची टाकून सगळं बघत होते.

मंग पुण्याहून दादाचा फोन आला. मागं हाच म्हणाला होता, भंगारात घाला. अण्णा त्याला म्हणाले, "अरे, गळती आपोआप थांबली. गाडी बराबर आहे, तू घेऊन जा."

आपोआप! मी तिथंच नखं घासत उभी होते.

"अण्णा, मला का न्हाई?"

ते खरंच बुचकळ्यात पडले. "तुला कुठं जायचंय, बाई?"

रोज घनसावंगीला शाळेत शिकवायला जाते मी. जीपमध्ये कोंबून.