एमरीचा गज

लॉरेल फोर्क, केंटकी
९ मे १९७४

चिरंजीव वेंडेल, बापाचे आशीर्वाद.

तुझं ईस्टरचं कार्ड केव्हाच आलं, उत्तराला फार उशीर केला. राग मानू नकोस. कागद घेऊन बसलो की काहीतरी काम निघायचं, किंवा मीच काढायचो. माझी शाळा चौथीत सुटली, शब्द जुळवायला वेळ लागतो. त्यात नॅशव्हिलला तू खोली बदललीस असं बँजोवाला लॉन्झो म्हणाला, म्हणून पत्र पोचेल की नाही याची धास्ती. पाकिटावर दोन्ही पत्ते घालतोय. पोस्टवाल्यांनी ओरडू नये म्हणजे झालं.

इकडे ठीक. बटाटे लावून झाले. छपराची पन्हळ पुन्हा गळते. खाणीतला खोकला आहे तसाच आहे. शनिवारी रेडिओवर तुला ऐकलं. निवेदकाने आधी त्या गाणाऱ्या बाईचं नाव सांगितलं, मग वाजवणाऱ्यांची. "गिटारवर वेंडेल स्लोन" असं स्पष्ट म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. मी रेडिओ बंद केला आणि भांडी घासली.

झेल्माकाकू येऊन गेली. मक्याचा पाव आणि घेवड्याचं पातेलं घेऊन आली होती. दारातूनच सुरू झाली, "भाऊजी, जेवता की नुसती कॉफी ढोसता? पँट बघा, दोरीने बांधल्यासारखी दिसते." मी म्हटलं, दोरीनेच बांधली आहे. तेव्हा हसली. तुझ्या एमरीकाकाला पुरल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मग कामाचं बोलली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे टेकडीवर थडगी सजवायला जमणार. एमरी गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष. तिच्या मनात आहे की फुलं ठेवून झाली की लॉन्झोने बँजो बाजूला ठेवावा आणि एमरीच्याच फिडलवर एमरीची एखादी चाल वाजवावी.

"फिडलची पेटी मी तिथेच उघडेन, आधी नाही," ती म्हणाली. "आधी उघडली तर घरात एकटीला सोसायचं नाही. तुम्ही तारा तेवढ्या बघून ठेवा."

आणि जाता जाता म्हणाली, "तो माणूस मला एकदा हॅझर्डच्या नाचात विसरून आला होता, भाऊजी! पिऊन तर्र. बायको राहिली हॉलमध्ये. पण फिडलचा गज सैल करायला विसरला नव्हता हो!"

फेब्रुवारीत ओढ्यातून एमरीची गाडी काढली तेव्हा शेरीफने ती पेटी माझ्या हातात दिली होती, आठवतं ना? मागच्या सीटवर होती, कोरडी राहिली. मी ती कपाटात ठेवली आणि त्या बाजूला गेलो नाही. झेल्मा गेल्यावर काढली.

फिडल चांगली आहे. एक तार सुटली आहे, ती लावून घेईन.

गज ताणलेला होता, वेंडेल.

गजाचे केस ताठ, वाजवता वाजवता ठेवून दिल्यासारखे. फेब्रुवारीपासून तसाच राहिल्याने काठी एका अंगाला वळली आहे. ती आता सरळ होणार नाही. एमरीने असा गज कधी पेटीत ठेवला नाही. कितीही प्यायलेला असला तरी आधी खालचा स्क्रू फिरवून केस सैल करायचे, मग झाकण. लॉन्झोही तसंच करतो, तो थोडी फिडल वाजवतो. त्या रात्री नाचात वाजवायला तुम्ही तिघंच होतात, आणि लॉन्झो शेवटच्या नाचाआधीच घरी गेला होता, त्याचं घर हॉलला लागूनच आहे.

तू गिटारवाला. तुला ही सवय कशी असेल? वाजवून झालं की पेटीत ठेवायचं, कड्या लावायच्या. कोणी सांगितलं नसेल. मीही नाही.

पुरायच्या दिवशी तू म्हणालास की त्या रात्री तू नाचातून मधूनच एका मुलीबरोबर निघून गेलास, काका एकटाच गाडी घेऊन निघाला. आम्ही ऐकलं. स्टिअरिंगकडचं दार उघडं होतं आणि एमरी पलीकडच्या सीटवर सापडला. शेरीफ म्हणाला, धक्क्याने सरकला असेल. आम्ही माना डोलावल्या. चर्चच्या बायकांनी जेवण मांडलं होतं, तू न जेवता नॅशव्हिलची बस धरलीस. मला वाटलं, पोराला दुःख झालंय.

मी गज सैल करून ठेवू शकलो असतो. स्क्रूला हात लावला आणि काढून घेतला. काठी वाकडी ती वाकडीच, आणि झेल्मा फिडलवाल्याची बायको आहे, झाकण उघडताच तिला कळेल. तिच्यापासून पेटी लपवू शकेन, पण लपवणार नाही. शेरीफकडे जाईन का, हे मला अजून माहीत नाही. रडूसुद्धा येत नाही. पन्हळ दुरुस्त करायची, त्याचाच विचार डोक्यात येतो.

गाडी घसरते. त्या ओढ्याच्या वळणावर बर्फ असतं, कोणाचीही घसरेल. त्याबद्दल मी विचारत नाही.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला होता की एमरी लगेच गेला नाही. पाणी थोडंच होतं, थंडीने गेला. हे मी झेल्माला सांगितलं नाही, तुलाही नाही. वरच्या रस्त्यावर घरं होती. तू दार उघडून बाहेर आलास तेव्हा तो शुद्धीवर होता का? काही बोलला का? तुला वाटलं का की तो गेलाच आहे? तसं वाटलं असेल तर तसं लिही. मी मानीन. पण खरं असेल तरच लिही, कारण झेल्मा माझ्याकडे बघून हेच विचारणार आणि मला तिच्या तोंडावर काहीतरी बोलावं लागणार.

त्या रविवारच्या आत कळव. येता आलं तर येच, मी दाराला कडी लावत नाही. नाहीतर दोन ओळी पाठव, अक्षर कसंही असू दे. पण लवकर पाठव, बाळा.

एमरीचा भाऊ आणि तुझा बाप,
होबर्ट