टेबल खुणेवर आहे

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही दोघं धड आहोत. घाबरायचं खातं माझ्याकडे, असं तुझी आईच म्हणते. नव्या घरात येऊन महिना होईल. कुलूप नवं आहे, तरी बाहेर पडताना मी ते तीनदा ओढून बघतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी सारखं काहीतरी फरफटत नेतं, काय ते कळत नाही. मालक भला दिसतो. पण जुना मालकही मुलाचं लग्न ठरून खोली रिकामी करा म्हणेपर्यंत भलाच दिसत होता. या नव्या मालकाने विचारलं, आजोबा, भाडं कुठून देणार? मी तुझ्या आईच्या पेन्शनचा कागद पुढे केला. डोळे गेले म्हणून तिला जे मिळतं, त्यावरच हे घर आहे. माझ्या शिलाईत आता भाजीपाला तेवढा सुटतो.

आई नव्या घरात कशी वावरते, असं तू फोनवर विचारलंस. हसशील म्हणून नीट सांगितलं नाही. सामान हलवण्याआधी मी जुनं घर टेपने मोजलं. पलंगापासून टेबल, टेबलापासून ओटा, ओट्यापासून मोरी. शाळा चौथीत सुटली, पण मापात कधी चुकलो नाही. इथे फरशीवर शिलाईच्या खडूने खुणा केल्या आणि एकेक वस्तू खुणेवर ठेवून घेतली. हमाल वैतागला, म्हणाला, आजोबा, घर लावताय की कोट बेतताय? तुझी आई पहिल्याच संध्याकाळी पलंगावरून उठली, सहा पावलं चालली आणि टेबलावरचा पाण्याचा जग बरोबर तिच्या हातात. म्हणाली, अहो, घर बदललं म्हणता ते खरं ना? मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

घोळ तिथेच झाला. पत्ता बदलला म्हणून पेन्शनच्या ऑफिसातून तपासणीच्या बाई आल्या. तुझ्या आईला पाहुणे आले की अंगात वारं शिरतं. ताडकन उठली, ग्लासात बोट धरून पाणी ओतलं आणि एक थेंब न सांडता बाईंच्या हातात दिलं. वर म्हणते कशी, तुमच्या उजव्या चपलेचा पट्टा सुटलाय, आवाज येतोय, यांना द्या, टाका घालतील. बाई हसल्या. मग खाली मान घालून बराच वेळ लिहीत बसल्या. मी सांगत होतो की दाराबाहेर तिला एक पाऊल टाकता येत नाही. बाई म्हणाल्या, हो ना आजोबा, पण मी बघितलं ते मला लिहावं लागतं. चार दिवसांनी कागद आला. येत्या गुरुवारी फेरतपासणी, तोवर पेन्शन थांबवलं आहे.

तो कागद घेऊन मी ऑफिसबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो. त्याने वाचला, माझ्याकडून खडूच्या खुणांची सगळी हकिकत ऐकली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, काका, इतकं काय डोक्याला हात लावून बसलात? टेबल जरा सरकवा, बाकीचं आपोआप होईल. मी त्याच्यावर चिडलो. चिडूनच घरी आलो. पण त्याचं बोलणं काही डोक्यातून जाईना.

शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी टेबल चार बोटं पुढे ओढलं. चारच बोटं, चिमणे. नुसतं बघायला. ती आली, पलंगावर बसून केस पुसले, पाण्यासाठी उठली, सहाव्या पावलाला गुडघा आपटला, जग पडून फुटला. मी धावलो. मला वाटलं ती ओरडेल, टेबल कुणी हलवलं म्हणून विचारेल. ती एवढंच म्हणाली, माझंच मोजायचं चुकलं हो, आता डोकंही जायला लागलं वाटतं. मी काच वेचली, टेबल होतं तिथे ठेवलं. फरशी पुसून घेतली.

तेव्हापासून ती पलंगावरून उठत नाही. उठलीच तर भिंत धरून, पावलं मोठ्याने मोजत. काल मला म्हणाली, अहो, पाणी देता का? डोळे जाऊन अठरा वर्षं झाली, तिने कधी पाणी मागितलं नव्हतं. आज ती अशी बसली आहे की गुरुवारी बाई बघताक्षणी पेन्शन चालू करतील. माझ्या मनासारखं झालं म्हणायचं.

म्हणून हे पत्र. बुधवारी ये. सुट्टी मिळत नसेल तर भांडून ये. मी आता सांगितलं तर ती म्हणेल, माझी समजूत घालताय. म्हणून तू तिच्याजवळ बस आणि हे पत्र पहिल्यापासून मोठ्याने वाच, चार बोटांचं काही गाळू नकोस. मी दाराबाहेर उभा राहीन. ती मला काय बोलायचं ते बोलू दे. गुरुवारी ती उठून चालली आणि पेन्शन गेलं, तर मशीन आहे, मी आहे, लहान खोली बघू. तीही मोजून घेईन. आत्ता ती विचारते आहे, एवढं काय लिहिताय? नव्या घराबद्दल, म्हटलं. तू येईपर्यंत तिला कसं उठवायचं ते मला कळत नाही. टेबल खुणेवर आहे. आज तीन वेळा मोजलं.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बाबा