मुंबईचं भाडं

रविवार, दिवाळीची सुटी, १९६२

डोकं अजून तापलेलंच आहे. यवतमाळहून हौसेनं फासा टाकून शहरं विकत घ्यायचा व्यापाराचा खेळ आणला. वाटलं, बा आता म्हातारा झाला, तांड्यात बसून कंटाळतो, खेळेल आमच्यासोबत. चुकलंच माझं.

बानं लाल सोंगटी घेतली आणि एकही शहर विकत घेतलं नाही. "सकाळी निघाचं हाये, गाव घेऊन काय करू?" लहानपणी तो आपल्या बापासोबत मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन गावोगाव फिरला, तेच डोक्यात. नागपूरच्या पुढच्याच घरात कलकत्ता कसं आलं, मधात बैलांना पाणी कुठं, हे विचारल्याशिवाय फासा टाकेना!

शेवटी लाल सोंगटी माझ्या मुंबईवर आली. मी मालकीचं कार्ड दाखवून भाडं मागितलं. म्हणतो, "कायचं भाडं? मी झाडाखाली उतरलो." पुढच्याच फेरीत माझी पोरगी शांता तिथं आली. म्हणे, "मी बी आजाच्याच झाडाखाली." बायको म्हणाली, "मी आली त मी बी तिथंच." मास्तर माणूस मी, नियम वाचून दाखवला. कोण ऐकतं?

मग ओरडलोच. "बा, हा खेळ हाये! बैल खरे नाहीत, झाड खरं नाही!"

बानं लाल सोंगटी उचलून शांतपणे डब्यात ठेवली. "मले ठाऊक हाये. मंग तू कायले तापून राह्यला?"

काहून तापलो? दिवेलागण झाली, बाकी सगळा खेळ डब्यात गेला. आणि मुंबईचं कार्ड अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.