फाटकवाल्याची डुलकी

ता. ४ मार्च

चि. ठकीस,
काकाचे पोटभर आशीर्वाद.

हाताशी फोन असताना मी पत्र लिहितो म्हणून तू हसशील. हस. पण बातमी तशीच आहे. गेल्या वर्षी तूच मला ऑनलाइन विश्वकोशात लिहायला शिकवलंस आणि आपल्या गावच्या रेल्वे फाटकावरचा लेख मी एकट्यानं उभा केला. साठ वर्षांपूर्वी तिथे गाडीखाली बस सापडली होती. आता त्या जागी उड्डाणपूल झालाय आणि पायथ्याशी स्मृतिशिला बसणार आहे. नगरपालिकेच्या अभियंत्यांनी मजकूर वर्तमानपत्रातल्या लेखावरून घेतलाय, आणि त्यातलं मुख्य वाक्य, अग, माझंच आहे : “फाटकवाल्याला डुलकी लागली आणि फाटक उघडे राहिले.” पाथरवट चोवीस तारखेला छिन्नी लावतो. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांचे काना-मात्रा तपासले, शेवटी आपलं एक वाक्य दगडावर चढतंय.

वहिनींना नमस्कार सांग.
तुझा,
अण्णाकाका


ता. ९ मार्च

ती. अण्णाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आईला कौतुक वाटलं, मला धडकी भरली. लेखाचा इतिहास उघडून पाहिला. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथे राहतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. डुलकीचं वाक्य तुम्ही चौदा महिन्यांपूर्वी घातलंत, संदर्भ न देता. चार महिन्यांनी वर्तमानपत्रानं ते उचललं. मग कोणीतरी “कशावरून?” असं विचारलं, तेव्हा तुम्ही त्याच वर्तमानपत्राचा संदर्भ लावलात. काका, मागच्या दारानं आपणच बाहेर पाठवलेला पाहुणा पुढच्या दारानं आला, म्हणून त्याला साक्षीदार करायचं का?

रागावू नका. पण मुळात तुम्हाला हे कुठून कळलं, तेवढं लिहा. ग्रंथालयात दिवसभर लोकांना हेच विचारते. घरच्या माणसाला विचारताना जीभ जड होते.

तुमची,
ठकी


ता. १३ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. कालचं पोर मला साक्षीपुरावे शिकवतं म्हणून पानभर चिडून लिहिलं आणि फाडलं. आता खरं लिहितो.

मला ते कवितेतून कळलं. अपघाताच्या आठवड्यात आमच्या मास्तरांनी ती रचली आणि आम्हा सातवीच्या मुलांकडून पाठ करून घेतली. अजून येते : “मिटता त्याची एक पापणी गावच सारे निजले.” काय ओळ आहे. तो वर्ग, खडूची धूळ, चाळीस गळे एका तालात. वृत्त इतकं बिनचूक की मजकूरही बिनचूकच वाटला. मास्तर त्या दिवशी फाटकाजवळ होते का, हे साठ वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

हे एवढं लिहून पत्र टाकणार होतो, तर दुपारी दारात एक बाई. बाजाराच्या कोपऱ्यावर शिवणयंत्र घेऊन बसते ती शिलाईवाली. फाटकवाल्याची मुलगी. आमच्याच वर्गात होती. वडील त्या अपघातातच गेले. बसायला सांगितलं तर बसली नाही. वाक्य तूच लिहिलंस असं ऐकलं, दगडावर चढण्याआधी खोड, एवढंच म्हणाली. मास्तरांच्या कवितेत तसंच होतं, असं मी म्हटलं. तेव्हा म्हणाली, ती कविता तोंडी परीक्षेत तिलाही म्हणावी लागली होती, एक शब्द न चुकता. मग शाळा सोडली.

ती गेल्यावर लेखातलं वाक्य काढलं आणि नगरपालिकेत गेलो. अभियंता म्हणाला, आजोबा, काल लिहिलंत, आज पुसलंत, उद्या पुन्हा सुचेल, कागद आणा. अकरा दिवस उरलेत. सांग, काय करू?

तुझा,
काका


ता. १६ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

वाक्य काढलंत ते बरं केलंत. पण आता घाईनं उलटं वाक्य घालू नका. काल ऐकीव गोष्टीवर त्याला दोषी केलं, आज दयेपोटी निर्दोष करायचं, ही दोन्ही एकाच माळेची. एवढ्या मोठ्या अपघाताची चौकशी झालीच असणार. रेल्वेच्या विभागीय कार्यालयात अभिलेख कक्ष आहे. अपघाताची तारीख घालून अर्ज करा. अहवालात काय निघेल ते मला ठाऊक नाही. डुलकीच निघाली, तर तेही लिहावं लागेल. त्याची तयारी ठेवून जा, आणि त्या शिलाईवाल्या बाईंनाही आधी सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या, असं आईनं खास लिहायला सांगितलंय.
तुमची,
ठकी


ता. २१ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तिला सांगितलं. यंत्राचं चाक हातानं थांबवून म्हणाली, जे असेल ते आण.

तीन दिवस खेटे घातले. आज सकाळी कारकुनानं गठ्ठा समोर टाकला आणि फीत सोडली. डुलकी हा शब्द अहवालात कुठेही नाही. फाटक उघडं का राहिलं, ते ठरवता आलं नाही, असं म्हटलंय. मात्र चौदाव्या पानावर इंजिनचालकाची जबानी आहे : एक माणूस लाल झेंडी हलवत रुळांवरून गाडीच्या दिशेनं धावत येत होता.

ठके, तो जागा होता. मी लगेच लेखात “शूर फाटकवाल्याने प्राण दिले” असं लिहिलं आहे. प्रमाणित प्रत उद्या मिळेल. अभियंता रजेवर आहे, थेट चोवीसला सकाळी येणार.

तुझा,
काका


ता. २३ मार्च, कुरियरनं

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

“शूर” मी काढलं आहे. पुन्हा घालू नका. “इंजिनचालकाच्या जबानीनुसार” असं लिहून जबानीत आहे तेवढंच ठेवलंय, खाली अहवालाचा पान क्रमांक दिलाय. अभियंत्यालाही एवढंच दाखवा. अश्रू गाळू नका, कविता म्हणू नका.

ठकी


ता. २५ मार्च

चि. ठकीस,
काकाचा आशीर्वाद आणि, वय बाजूला ठेवून, नमस्कारही.

काल साडेआठलाच पाथरवटाकडे गेलो. शिलाईवाली माझ्याआधी येऊन दगडापुढे उभी होती. तो वैतागला होता, वरची ओळ त्यानं ठरल्या तारखेआधी, परवाच कोरून टाकली होती, तारीख आणि “सात जण दगावले.” डुलकीची ओळ नुसती खडूनं आखलेली. अभियंता आला, प्रत उभ्यानं दोनदा वाचली, आणि खडूची ओळ स्वतःच्या रुमालानं पुसली. कारण लिहायचंच नाही, म्हणाला. कोरलंय तेवढ्यावर दगड बसवू. मी सुटकेचा श्वास टाकला.

तिनं टाकला नाही. प्रत मागून घेतली, शेवटचं पान काढलं. मृतांची यादी. मी ती वाचली होती, पण ठके, मोजली नव्हती. नावं आठ आहेत. आठवं तिच्या वडिलांचं. मास्तरांनी कवितेत बसमधलेच सात मोजले, वर्तमानपत्रानंही, लेखात मीही.

पाथरवट म्हणाला, कोरलेला शब्द खोडता येत नाही, दगडच नवा लागेल. अभियंता माझ्याकडे बघू लागला, जणू मी तिची समजूत काढीन. मी म्हटलं, नवाच घ्या.

शुक्रवारी नवा दगड येतोय. लेखात आठ केलेत, पान क्रमांकासह. एकदा तपासून घे.

या म्हाताऱ्यावर माया राहू दे.
अण्णाकाका