मांडवातला बाक

४ एप्रिल

चि. भाऊजी यांस,

आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली हे वाचलं. सूनबाई जेवणाचं ताट खोलीच्या दाराशी ठेवून जाते, बोलत नाही, असं लिहिलंत. तेही वाचलं.

शेतावर मी मांडव घालतेय हे तुमच्या कानावर कुणी घातलं कोण जाणे, पण खरं आहे. विहीर आणि पंपाची खोली यांच्या मधली जागा. चार लाकडी खांब, वर बांबूची चौकट, त्यावर वाळलेलं गवत. पश्चिमेच्या बाजूला वेल चढवणार आहे, कारण दुपारनंतर ऊन तिरपं होऊन खालून आत घुसतं आणि वरचं छप्पर नुसतं शोभेला उरतं. पहिल्याच दिवशी सुतारानं विचारलं, कुणाचं लग्न काढलंत? म्हटलं, माझंच, नवरा तेवढा तू बघ. दिवसभर हसत होता मेला. त्या हसण्यात एक खांब वाकडा पुरला, तो उपटायला लावला.

बाक मात्र भक्कम झालाय. पाठ टेकता येते, हात ठेवायला दोन्हीकडे फळ्या आहेत. उठायला सोपं जावं म्हणून मुद्दाम उंच करून घेतला. माझे पाय लोंबकळतात. मी तशीच बसून वाचते.

तुम्ही लिहिलंत की मांडवाखाली एक खाट टाका, राहिलेले दिवस तिथे काढीन, दादा असता तर नाही म्हणाला नसता.

नसतेच म्हणाले. बाकही त्यांच्याच मापाचा आहे. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

त्यांचं उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, तेव्हा व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची. तुम्हीच लावून दिली होती, ते मी नाकारत नाही. तिनं त्यांना उशांच्या आधारानं बसतं केलं होतं. मग तुम्ही भेटायला आलात. मी पंप बंद करायला गेले होते. परतले तर तुम्ही अंगणात डोळे पुसत उभे, आणि बाईला उद्यापासून येऊ नका असं सांगूनही झालेलं.

"वहिनी, दादानं माझा हात धरला आणि म्हणाला, बस. त्याला हे आता सोसवत नाही."

मी म्हटलं, तसं नसेल हो ते. तुम्ही म्हणालात, "माझा भाऊ आहे. मला कळतं." डॉक्टरांशी बोलणारे तुम्ही, शिकलेले तुम्ही. विषय संपला.

ते पुन्हा उठून बसले नाहीत. पाठीला जखमा झाल्या, त्या मी धुतल्या. पावसाआधी गेले. तेव्हापासून भेटेल त्याला तुम्ही सांगता, दादा स्वतःच म्हणाला, बस. सांगून सांगून तुम्हाला ते पाठ झालंय.

मी शाळेत गेले नाही. वाचायला आपली आपण शिकले, त्यामुळे शब्दकोश उघडायची खोड आहे. कोशात 'बस'चे दोन्ही अर्थ दिलेत. आमच्या घरात एकच होता. ताटात वाढताना ते 'पुरे' म्हणत, चहा ओतताना 'पुरे', माझी बडबड वाढली तरी 'पुरे'. जीभ जड झाल्यावर त्याचं 'पुए' झालं, पण शब्द बदलला नाही. थांबवायला 'बस' म्हणायचं तुम्ही शहरात शिकलात.

मला ते रोज 'बस' म्हणायचे. मी हातातलं टाकून खाटेच्या कडेला टेकायचे. मग काहीच बोलायचे नाहीत. माणूस जवळ बसलं, झालं.

भाऊजी, ते तुम्हाला म्हणत होते, जरा बस.

तुम्ही उभ्या उभ्या निघालात.

हे आजवर लिहिलं नाही, कारण तुमच्याभोवती माणसं होती. कुणी ना कुणी समजूत घातली असती. आता खोलीत एकटे आहात, सावकाश वाचता येईल.

इकडे येऊ नका. आलात तर फाटकाला कुलूप असेल. मी मांडवात वाचत असेन, तिथून फाटक स्वच्छ दिसतं. मी उठणार नाही.

औषधं वेळेवर घ्या. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.

तुमच्या दादांची बायको