बुरशीच्या बाजूने बसलेली तुमची भाची

तीर्थरूप मामांस, दमल्याभागल्या भाचीचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकून केला असता, पण मग उठवायला माणूस लागतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? माझी तब्येत बरी आहे, म्हणजे कोणी विचारत नाही म्हणून बरी आहे.

आमच्या पाण्याच्या टाकीखालच्या टेकडीवर नवी पाइपलाइन टाकली. खोदणाऱ्यांनी टेकडीचं पोट फाडलं, मातीचे ढीग अख्खा उन्हाळा तापत ठेवले, मग तळची माती वर आणि वरची तळाला अशी भरून, रोलर फिरवून निघून गेले. राहिलेलं किरकोळ काम, म्हणजे टेकडी पुन्हा हिरवी करणं, आमच्या बागखात्याच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. रोपं लावली, मेली. परत लावली, परत मेली. साहेब म्हणाले खत वाढवा. वाढवलं, तर ती आणखी लवकर गेली. आणि चराच्या काठाला, जिथे मशीन पोचलंच नव्हतं, तिथलं गवत मात्र कोणी न लावता कमरेएवढं! (मला ते हसतंय असं वाटायचं. माणूस थकला की असं होतं.)

तेवढ्यात वरच्या अधिकाऱ्यांची पाहणी ठरली. साहेबांनी भरदार रोपं आणवली आणि कुंड्यांसकट पुरायला लावली. मी नको म्हटलं, पण माझं ऐकतं कोण? पाहुण्यांतल्या एका वजनदार गृहस्थांचा उतारावर पाय घसरला, त्यांनी आधाराला रोप धरलं, आणि गृहस्थ, रोप, कुंडी असे तिघेही आमच्या पायाशी आले. (कोणाला लागलं नाही. कुंडी प्लास्टिकची होती.)

मग माती तपासायला एक बाई आल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मला त्या काठच्या गवताची मुळं दाखवली. मुळांत बुरशीचे धागे, केसाहून कितीतरी बारीक. मूळ पोचत नाही तिथून ते पाणी आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. खोदताना हे धागे तुटले, ढिगांत उरलेसुरले मेले. खताने तर रोपं आयतोबा होतात आणि बुरशीला विचारेनाशी होतात. मामा, इतकी वर्षं बागखात्यात काढली आणि हा संसार पहिल्यांदा बघितला. डोळे भरून आले. (थोडे भिंगामुळेही.)

साहेबांनी बाईंच्या अहवालातला एकच शब्द वाचला, 'बुरशी', आणि बुरशीनाशकाचा टँकर मागवला.

"साहेब, ही बुरशी कामाची आहे."

"बुरशी कामाची? पावावर आली तर खाता का?"

मी टँकरपुढे फतकल मारून बसले. "आता उठा," साहेब म्हणाले. "उठवत नाही," मी म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं होतं. त्यांना तो बाणेदारपणा वाटला. टँकरवाला कंटाळून निघून गेला. शेवटी साहेबांनी मला एक पट्टा दिला: यात उगवून दाखवा, नाहीतर सगळ्या उतारावर काँक्रीट ओततो.

माती भुसभुशीत केली, खत बंद केलं. माझी काळजी करू नका. मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. बाई म्हणतात, प्रत्येक खड्ड्यात न खणलेल्या जागेची मूठ मूठ जिवंत माती हवी, आणि चराच्या काठची तेवढी पुरत नाही. तुमच्या परसातल्या जुन्या झाडांखाली तुम्ही आळसाने कधी फावडं लावलं नाही. (आळस हा शब्द मामीचा.) तिथली दोन पोती द्याल का? वरवरची, थोडी थोडी, जागोजागची. सगळी ओरबाडली तर तुमची झाडं माझ्या नावाने रडतील.

ता. क. २. पाकीट चिकटवतानाच मामीचा फोन आला. तिच्या कटकटीला कंटाळून तुम्ही उद्या परस सपाट करायला मशीन बोलावलंय म्हणे. मामा, उभ्या आयुष्यात एकदा उत्साह आला तो आत्ताच? पत्र घेऊन मी स्वतःच निघाले आहे, म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा मी समोर असेन. मशीनच्या पुढ्यात बघा. बसलेली असेन. उठवायला या.