पावनी

प्रिय संचिता,

फोन केला असता तर पाच मिनिटांत झालं असतं. पण फोनवर मी भांडतो, हे तुझ्याएवढं कोणाला माहीत नाही, आणि या वेळी भांडायचा हक्क माझा नाही. म्हणून कागद घेतला. दक्षता उद्या क्लासला तुझ्या कॉलेजजवळच येतेय, तिच्या हाती देतोय. माझी बहीण आहे म्हणून तिच्यावर राग काढू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही. सोमवारी तुझा प्रबंध जमा होणार ना, त्याआधी हे शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडलंस तर नुकसान तुझंच आहे.

इकडे सगळं तसंच. वागळे इस्टेटमधल्या खोक्यांच्या कारखान्यात मला आता कटिंग मशीनवर घेतलंय. आजोबा अजून सकाळी कोलशेतच्या बांधावर फेरी मारून येतात. गुडघे दुखतात, पण सांगितलं तर म्हणतात, 'तुजं कॉलेज तू सोरलंस, माजा बांध मी नाय सोरनार.'

कॉलेजचा तो दिवस तुला आठवत असेल. प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये दोन काळुंद्री मासळ्या ठेवलेल्या, एक खाडीतली, एक मी आमच्या बांधाआडच्या तळ्यातून आणलेली. मी जर्नलमध्ये लिहिलं, या दोन वेगळ्या. सरांनी लाल रेघ मारली. मी म्हटलं, माझे आजोबा पन्नास वर्षं मासे धरतायत, ते दोघींना दोन नावं देतात. तळ्यातली ती 'घरची', खाडीतली ती 'पावनी', म्हणजे पाहुणी. सर म्हणाले, 'तुझे आजोबा एमएस्सी आहेत का रे?' वर्ग हसला. मी ट्रे उचलून आपटला, आणि पुन्हा त्या जिन्याने चढलो नाही. तेव्हा तूपण हसलेलीस, मी पाहिलेलं. पण पुढच्या रविवारी डोंबिवलीहून लोकलने, पुढे दोन रिक्षा बदलून आमच्या दारात तूच आलेलीस, वही घेऊन. आजोबांना विचारलंस, 'दामाजीआजोबा, ओळखता कशा?' त्यांनी तुला कल्ल्यामागचा काळा ठिपका दाखवला. घरचीला असतो, पावनीला नसतो. मग म्हणाले, 'बेस हाय या पोरीला समज.' बस, माझं तिथेच संपलं.

तू बांधावर चप्पल काढून बसायचीस आणि मला शिकवायचीस. म्हणायचीस, हितेश, सर पुस्तकाप्रमाणे बरोबर होते, आज या दोघी एकाच जातीच्या आहेत. पण आजोबांच्या वडिलांनी बांध घातला त्या दिवशी थोडे मासे आत राहिले, बाकीचे बाहेर. उन्हाळ्यात तळं तापतं, पाणी खारट होतं, श्वास कोंडतो. मोठे मरतात. ज्यांचा जीव लहान आणि सोसणारा, ते उरतात आणि त्यांचीच पिल्लं पुढे जातात. कोणी ठरवत नाही, कोणाचा हुकूम नाही. दर पिढीला चाळणी लागत जाते, एवढंच. आत एक चाळणी, बाहेर दुसरी. असं हजारो पिढ्या चाललं की एक दिवस बांध काढला तरी ते एकमेकांना ओळखत नाहीत, जोडी बांधत नाहीत. तेव्हा म्हणायचं, जात नवी झाली. सत्तर-ऐंशी वर्षांत एवढं होत नसतं, पण सुरुवात झालीय का, तेवढं मला बघायचंय, असं तू म्हणालीस. काळुंद्री नर-मादी मिळून अंडी राखतात, पिल्लं मोठी होईपर्यंत एकमेकांना सोडत नाहीत, हेही तूच सांगितलंस. त्या दिवसापासून मी ताटात काळुंदर घेतलेली नाही. आई चिडते.

मागच्या वर्षी तू टाकीत घरच्या आणि पावन्या एकत्र सोडल्यास. एकदाही घरचीची पावनीशी जोडी जमली नाही. तू खूश होतीस. मी घरी येऊन जेवलो नाही. तुला वाटायचं मी माशांवर एवढा का चिडतो.

मग शहाडचा तो रविवार. तुझ्या मावशीकडे पूजा होती, तू मला बोलावलंस. मी नवा शर्ट घातलेला, इस्त्रीवाल्याकडून आणलेला. तुझे बाबा समोर आले आणि तू म्हणालीस, 'बाबा, हा हितेश, माझा फील्ड असिस्टंट.' ते छान हसले, प्रसाद पुढे केला. तीन वर्षं, संचिता. तुझी चूक नव्हती, घाईत तोंडात आला तो शब्द तू वापरलास, हे आज कळतंय. तेव्हा कानात फक्त तोच शब्द वाजत होता. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन मी तसाच निघालो. शहाडहून कल्याण, कल्याणहून ठाणं, रिक्षा, आणि थेट बांधावर. अमावास्येचं उधाण होतं, भरदुपारी खाडी काठोकाठ भरलेली.

बांध मी फोडला. फावड्याने, दहा मिनिटांत. खाडी आत घुसली तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. संचिताला वेगळं वेगळंच ठेवायचंय ना, मग घे, केलं सगळं एक, असं काहीतरी मी बडबडत होतो. ओहोटी लागली तेव्हा डोकं थंड झालं. आजोबा मागे येऊन उभे होते. चिखल भरलेली गोणी पुढे केली. दोन दिवस आम्ही दोघांनी बांध बांधला, त्या वयात त्यांनी. तू पंधरा दिवसांनी आलीस, तुला मी म्हटलं, बांध जरा खचलेला, डागडुजी केली. तू थँक्यू म्हणालीस आणि तळ्यातले छोटे छोटे मासे निवडून घेऊन गेलीस. घरच्या लहान असतात म्हणून. उधाणासोबत आत आलेली पावन्यांची पिल्लंही लहानच असतात, आणि त्या वयात ठिपका कोणालाच उमटलेला नसतो, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तर यायला हवं होतं.

मग त्या टाकीत वाढल्या, तळ्यातल्या म्हणून तू त्यांच्या परांवर खूण केलेली, त्यामुळे ठिपका पुन्हा कोणी पाहिला नाही, आणि या महिन्यात तुझा फोन आला. 'हितेश, अरे घरची-पावनीच्या आठातल्या सहा जोड्या जमल्या. ओळखतात रे अजून एकमेकांना.' तू रडत होतीस की हसत होतीस, कळेना. तुमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, मागच्या वर्षीची टाकीच बिघडलेली असणार, नवे आकडे लिही. चार दिवस मी हवेत होतो. मशीनवर बोट जाता जाता वाचलं. मला वाटलं, बघ, बांध घालून काही होत नाही, ओळख राहते. ते वाक्य मी तुला लिहून पाठवणार होतो.

परवा तू पाठवलेले फोटो आजोबांना दाखवले. चष्मा लावून एकेक बघितला. मग मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, 'ही त पावनी हाय रं. सगल्याच पावन्या. यक बी घरची नाय.' मी स्वतः ठिपका शोधला. नाही. सहाही जोड्या पावन्यांच्या पावन्यांशी जमल्यात. त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतंच.

म्हणून हे पत्र. प्रबंधात खोटं जाईल, आणि ते खोटं माझं आहे. मला ते खोटं किती हवं होतं ते तुला सांगून उपयोग नाही. मॅडमना माझं नाव सांग, बांध कोणी फोडला ते लिही, मी येऊन सही करीन. काल सुट्टी टाकून आजोबा आणि मी तळ्यात उतरलो. आजोबांनी एकेक हातात घेऊन पारखली. खऱ्या घरच्या अकरा मिळाल्या. गच्चीवर निळ्या ड्रमात आहेत, तळ्याच्याच पाण्यात. नळाचं पाणी घालू नकोस. न्यायला तूच यावंस असं नाही, कोणालाही पाठव, मी कामावर असेन. आणि मागच्या वर्षीचे आकडे खोडू नकोस. ते खरे आहेत.

तुझाच, तुला हा शब्द खोडायचा असला तरी,
हितेश